पावणेबाराचं जेवण

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, रात्री किती वाजता जेवता?" मी म्हणाले, "दिवेलागणीला."

या एका उत्तरानं माझे पुढचे अडीच महिने खाल्ले, म्हणून आधी तेच कबूल करून टाकते. रात्री आडवं झालं की ज्यांच्या छातीत जाळ उठतो, घशाशी आंबट-कडू येतं आणि मग भिंतीला टेकून उजाडायची वाट बघावी लागते, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्या बचत गटातल्या निम्म्या बायकांना हा त्रास आहे. सगळ्या म्हणतात, पित्त हाय, दुसरं काय. मीही तेच म्हणायचे. फक्त मी त्यांच्यापेक्षा जरा जास्त लबाड निघाले.

आमचं गाव वडगाव रासाई. भीमेच्या काठाला ऊस, दारात चार गाया. घरात पाच माणसं: मी, आमचे हे, मुलगा संदीप, सून वैशाली आणि नात ओवी. संदीप पहाटे चारला उठून धारा काढतो, सहाच्या आत डेअरीत दूध घालतो, त्यामुळं रात्री नऊला त्याची मान पडलेली असते. वैशाली रांजणगावला एमआयडीसीत, गाड्यांच्या वायरी जोडायच्या लाईनवर आहे. तिची सेकंड शिफ्ट. दुपारी अडीचला निघते आणि रात्री साडेअकराला कंपनीची बस तिला डेअरीसमोर सोडते. हातपाय धुऊन ती जेवायला बसते तेव्हा पावणेबारा झालेले असतात.

तिच्याबरोबर मीही बसायचे, रोज. आठ वाजता ह्यांना, संदीपला आणि ओवीला वाढायचं, आणि कुणी विचारलंच तर "मी मघाशीच जेवले" म्हणायचं. बाईनं खाल्लं की नाही हे ताट बघून ओळखणारा पुरुष आमच्या घरात अजून जन्मायचाय.

मला हे खूळ कुठून लागलं

खुटबाव माझं माहेर. अठराव्या वर्षी लग्न होऊन इथं आले, तेव्हा घरात अकरा माणसं होती. आधी पुरुष, मग पोरं, मग सासूबाई, मग थोरली जाऊ आणि सगळ्यात शेवटी मी. तोवर चूल विझत आलेली, टोपल्यात एखादी वाळकी भाकरी, आमटीचा तळ. आणि मला त्याचा काय तोरा होता म्हणून सांगू! माहेरी गेले की पोरीबाळींना गोळा करून सांगायची, मी सगळ्यांच्या शेवटी जेवते, कधीकधी तर नुसती मीठ-भाकरी. जसं काही मी गावासाठी विहीर खणत होते. एकदा आई म्हणाली, "आगं, मग दोन भाकरी जास्तीच्या थापत जा की." मला फार राग आला. आपल्या त्यागाला आईनं पिठात मोजलं असं वाटलं. आज ती अठरा वर्षांची शहाणी मला भेटली तर कान धरून तिला आधी जेवायला बसवीन.

एका बाबतीत मात्र ती चुकली नव्हती. अंधारात एकटीनं जेवताना आपलाच घास गिळल्याचा आवाज आपल्याला फार मोठा ऐकू येतो. तो आवाज मी अकरा वर्षं ऐकला. म्हणून वैशालीला सेकंड शिफ्ट लागली तेव्हा मी मनाशी ठरवलं, हिला एकटीला जेवू द्यायचं नाही.

हे झालं बोलायचं कारण. खरं सांगायचं तर मजा मलाच यायची. तिच्या लाईनवर बिहारची एक पोरगी आहे, ती सुपरवायझरची नक्कल करते, आणि वैशाली त्या नकलेची नक्कल करायची. मेथीची भाजी, ज्वारीची भाकरी, हिरवा ठेचा, वर ताक. हसून हसून पोट दुखायचं. साडेबाराला ताटं विसळली की मी सरळ जाऊन पाठ टेकायचे. पोटात भाकरी अजून उभीच असायची आणि मी आडवी.

त्या रात्री

ऊसतोडीचे दिवस होते. रात्री दोनच्या सुमारास छातीत असा जाळ उठला की मी उठून बसले. जाळ वर घशापर्यंत, पार जबड्यापर्यंत. डाव्या हाताला मुंग्या. घाम. ह्यांना हाक मारली तर ते म्हणाले, "कूस बदल." मी म्हटलं, "मी मरायला लागलीये." तेव्हा कुठं दिवा लागला.

वैशाली ओवीपाशी थांबली आणि संदीपनं मला शेजाऱ्याच्या गाडीत घातलं. पूल ओलांडून केडगाववरून दौंड. वाटेत उसाच्या ट्रॉल्या, त्यांची गाणी मोठ्यानं लागलेली. माझ्या डोक्यात एकच, मेले तर शेवटी कानात हे गाणं.

दवाखान्यात छातीला गार चिकट काहीतरी फासून वायरी लावल्या. रात्रभर ठेवून घेतलं. दर तासाला सिस्टर येऊन दंडाला पट्टा आवळायच्या आणि "आजी, झोपा" म्हणून जायच्या. शेजारच्या खाटेवरची बाई इतकी घोरत होती की मला तिचा मत्सर वाटला. आडवी, सपाट, पाठीवर, तोंड उघडं. केवढी श्रीमंती.

सकाळी डॉक्टर आले. वयानं माझ्या नातवासारखे. कागद बघून म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे, आजी. पोटातलं ॲसिड वर येतंय. अन्ननळीच्या खालच्या टोकाशी जी झडप असते ती सैल झाली की असं होतं."

खरं तर मी देवाचे पाय धरायला हवे होते. पण खुटबावहून माझा भाऊ शहाळी घेऊन दारात उभा होता, त्याच्या मागं दोन भावजया डोळे पुसत होत्या. हार्ट ॲटॅक बघायला आलेल्या माणसांना मी आंबट ढेकर कसा सांगू? थोडा वेळ मी क्षीण आवाजातच बोलले. भाऊ गेल्यावर उठून दोन इडल्या खाल्ल्या.

आणि मग तो प्रश्न आला, किती वाजता जेवता.

शेजारी संदीप उभा होता. पंधरा दिवसांपूर्वी मी भिंतीपलीकडून त्याचं बोलणं ऐकलं होतं. तो वैशालीला म्हणत होता की रात्री कडी वाजते, आईची झोप मोडते, तिचं वय झालंय, असंच चालणार असेल तर ते काम सोड. वाईट पोरगा नाही तो. त्याला आईची काळजी होती. पण नुसत्या कडीच्या आवाजावर तो एवढं बोलला, तर आई रोज मध्यरात्री जेवते हे कळल्यावर काय करील? तिकडं वैशालीला लाईन लीडर करायचं बोलणं चाललं होतं. मी खरं बोलले की तिची नोकरी गेली, एवढं मला त्या खाटेवर स्वच्छ दिसलं.

"दिवेलागणीला," मी म्हणाले.

"व्हय, सातलाच जेवती ती," संदीपनं अभिमानानं साक्ष दिली.

डॉक्टरांनी मान डोलावली. जेवण आणि झोप यात तीन तास ठेवा, ते तुम्ही ठेवताच, म्हणाले. खाटेची डोक्याकडची बाजू वीतभर उचला, डाव्या कुशीवर झोपा, तिखट आणि चहा कमी, सकाळी उपाशीपोटी ही गोळी. घरी आल्यावर मी वैशालीला सगळं सांगितलं. फक्त तीन तासांचं तेवढं गिळलं.

विटा आणि डावी कूस

आधी मी खाट न उचलता उशा वाढवल्या. दोन, तीन, वर गोधडीची घडी. त्यानं मान आखडली आणि पोट दुमडून जळजळ वाढली. तेव्हा ज्या कुणी उशांचा डोंगर करून झोपत असतील त्यांनी तो आजच उतरवावा. उंची कमरेपासून वर पाहिजे, नुसत्या मानेला नको.

मग संदीपनं खाटेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा ठेवल्या. पहिल्या रात्री मी घसरत घसरत पहाटेपर्यंत पायथ्याला गोळा झाले. हे म्हणाले, "म्हातारपणी घसरगुंडी मिळाली तुला." चादरीखाली जुनी सतरंजी घातल्यावर घसरणं थांबलं.

डाव्या कुशीची गोष्ट जरा नाजूक आहे. आमच्या दोन खाटा शेजारी शेजारी, आणि ह्यांची खाट माझ्या डावीकडं. इतकी वर्षं मी ह्यांच्याकडं पाठ करून उजव्या कुशीवर झोपत आले. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कशावरून तरी रुसले होते, कशावरून ते आठवत नाही, तेव्हा जी पाठ फिरवली ती सवयच झाली. आता डॉक्टरांच्या हुकमानं रोज रात्री समोर ह्यांचं तोंड. दात वाटीत काढून ठेवलेले, गाल आत गेलेले. दोन दिवस हसू आवरेना. तिसऱ्या दिवशी ह्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "काय बघती?" मी म्हटलं, "औषध घेतेय."

थोडा फरक पडला, नाही असं नाही. पण पावणेबाराचं जेवण चालूच होतं. ठेचा सोडला, ताक सोडलं, वैशाली म्हणायची, आत्या, किती पथ्य पाळता हो तुम्ही, आणि मी मान खाली घालून भाकरी चावायचे. दीड-दोनला जाळ हजर.

मग येरझाऱ्या. पूर्वी झोप नाही आली की मी अंगणात फिरायचे. आता उसात बिबट्या असतो, रात्री दाराबाहेर पाय टाकायचा नाही असा गावाचाच नियम. त्यामुळं पडवीच्या जाळीआड इकडून अकरा पावलं, तिकडून अकरा पावलं. लांब कुणीतरी बिबट्याला हाकलायला फटाका वाजवायचं. गाया कान टवकारायच्या. मी बसायचे, उठायचे, पाणी प्यायचे, पाण्यानं आणखी वर यायचं, परत उठायचे. खोकला आला की तोंडात पदर धरायचे, संदीप जागा व्हायला नको म्हणून. दिवसा डोळे ओढायचे. एकदा ओवीच्या वेणीला रिबिनीऐवजी करगोटा बांधून तिला शाळेत पाठवलं.

आणि एक भीती होती, ती मी कुणालाच सांगितली नाही. माझ्या थोरल्या जावेलाही असंच जळजळायचं. ती सोडा पीत राहिली. शेवटी अन्ननळीत गाठ निघाली. पहाटेच्या अंधारात मी गळ्यावरून हात फिरवून बघायचे. जणू ती बाहेरून हाताला लागणार होती.

दुर्बीण

दोन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी एव्हाना थांबायला हवं होतं, दुर्बीण घालून बघू. सकाळी आठला या. आदल्या रात्री आठनंतर काही खायचं नाही.

मी खरोखर पाळणार होते. पण त्या रात्री वैशाली उड्या मारत आली. लाईन लीडर झाली होती. अठ्ठावीस पोरींची लाईन तिच्या हाताखाली. ताट वाढून म्हणाली, "आत्या, बसा. आज तुमच्याशिवाय घास जायचा न्हाई." उद्याच्या तपासणीला उपाशी जायचंय का, असंही तिनं विचारलं. मी म्हटलं, छे, वरवरची तपासणी आहे. आणि मेथी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. चटणी तर दोनदा घेतली.

सकाळी संदीप आणि वैशाली दोघंही बरोबर आले. घशात कडू फवारा मारला, घसा लाकूड झाला. तोंड मिटू नये म्हणून दातांत प्लास्टिकचं बोंडूक अडकवलं. डाव्या कुशीवर झोपवलं, तेवढं मला आता छान जमत होतं. नळी आत गेली, डोळ्यांतून पाणी आलं, सिस्टरनं माझा हात धरला. तो हात मी विसरणार नाही. डॉक्टर पडद्याकडं बघत होते. मग त्यांनी नळी काढली आणि म्हणाले, "आजी, पोटात अजून मेथी आहे. शेंगदाणे पण आहेत."

बोंडूक तोंडातच होतं. डॉक्टर पडदा सारून बाहेर गेले आणि त्यांनी विचारलं की यांनी काल किती वाजता खाल्लं.

"पावणेबाराला," वैशाली म्हणाली. "आम्ही दोघी रोजच बसतो तवा."

"रोज?"

"व्हय. मी शिफ्टवरनं आल्यावर. का हो?"

आत मी हात हलवत होते, मान हलवत होते. आयुष्यात खोटं बोलायची एवढी निकड कधी आली नव्हती आणि तोंडात बोंडूक. बाहेर डॉक्टर शांतपणे तीन तासांचं सांगत होते. शेजारी संदीप ते ऐकत होता. त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

पुलावर

तपासणी दहा दिवसांनी परत करायची ठरली. पुलावर आल्यावर संदीप समोर बघत म्हणाला, "उद्यापासनं कंपनी बंद."

वैशाली त्याला सोडून माझ्याकडं वळली. "मला सांगायचं व्हतं ना, आत्या. मी रोज तुमच्या ताटात वाढत व्हते. मला वाटलं तुम्हाला भूक लागती." तिचे डोळे भरले होते, पण आवाज असा होता की मला तिच्या लाईनवरच्या अठ्ठावीस पोरींची काळजी वाटली.

घसा अजून बधिर होता. जीभ जाड. तरी मी संदीपला गाडी कडेला घ्यायला लावली.

"थांबायला मला कुणी सांगितलं न्हवतं," मी म्हटलं. "मी थांबले. लबाडी माझी, पोट माझं. तू चारला उठतोस म्हणून तुझ्या गाया कुणी इकायला काढल्या का? मग माझ्या पोटापायी तिची नोकरी का? एक महिना दे मला. सातला जेवते. महिन्यात राती निवल्या न्हाईत तर मग बोल."

त्यानं स्टिअरिंगवर बोटं आपटली. मग म्हणाला, "एकच महिना."

महिना

सगळ्यांच्या आधी जेवायचं म्हणजे काय असतं हे मला साठी उलटल्यावर कळलं. पहिल्या दिवशी सातला ताट घेऊन बसले तर चोरी करतेय असं वाटायला लागलं. दाराकडं पाठ करून भराभर घास मारले. हे पारावरून आले, दारातच थबकले आणि म्हणाले, "बरं न्हाई का तुला?" ह्यांनी मला कधी आधी जेवताना पाहिलंच नव्हतं. चौथ्या दिवशी येऊन समोर पाट घेतला आणि म्हणाले, मलाही वाढ, तुझं बघून भूक लागते. खाऊन झाल्यावर आडवं व्हायचं नाही म्हणून मी ओवीचा अभ्यास घ्यायचे. तिला अभ्यास आवडेना, पण औषध म्हणून तिनंही सोसला.

पावणेबाराला मी उठून वैशालीपाशी बसायचे, पुढ्यात कोमट पाण्याचा पेला. पहिले आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. भाकरी, भाजी, ठेचा, सगळा वास माझ्या नाकाशी. एकदा माझी बोटं आपोआप तिच्या ताटाकडं गेली. तिनं न बघता माझा हात उचलून माझ्या मांडीवर ठेवला. त्यानंतर ती बोलायला लागली.

दुसऱ्या तपासणीला ती बाकावर माझ्या चपला मांडीवरच्या पिशवीत घेऊन बसली होती. डॉक्टर म्हणाले, अन्ननळीच्या खालच्या टोकाला लाली आहे, बारीक जखमा आहेत, भरून येतील. गाठ नाही. मी दोनदा विचारलं. वैशालीनं तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा मला कळलं की गळ्यावरून हात फिरवताना तिनं मला पाहिलं होतं.

सगळ्या रात्री एकदम निवल्या नाहीत. एका लग्नात भजी खाल्ली, त्या रात्री परत अकरा पावलं. पण रात्रीत दोनदाच्या ऐवजी एकदा, मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून एखादी रात्र. तुम्हालाही असंच होईल, धीर सोडू नका. आणि डॉक्टरांना जेवायची वेळ खरी सांगा. माझ्यासारखी मेथीनं चुगली करायची वेळ आणू नका.

महिना संपायला तीन दिवस होते. मी दहाला डाव्या कुशीवर पडले आणि डोळे उघडले तेव्हा खिडकीत उजाडलं होतं. बस ऐकली नव्हती, कडी ऐकली नव्हती. धावत स्वयंपाकघरात गेले. वैशाली चहा करत होती.

"एकटीच जेवलीस व्हय गं?" मी विचारलं.

"न्हाई. हे उठले व्हते."

संदीपनं तिची भाकरी गॅसवर गरम केली होती आणि दोन्ही बाजूंनी करपवली होती. मग समोर बसून लाईनवर काय करतात ते विचारत राहिला. तिच्या नोकरीच्या चार वर्षांत पहिल्यांदा. साडेबारापर्यंत बसला आणि चारला उठून धारांना गेला.

महिना भरला त्या दिवशी सकाळपासून मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. तो गायांकडं गेला, डेअरीला गेला, जेवला. दुपारी अडीचला वैशाली निघाली तेव्हा तो डेअरीपर्यंत तिच्याबरोबर चालत गेला. मी जाळीमागं उभी होते; डेअरी रस्त्यापलीकडंच, तिथलं बोलणं ऐकू येतं. बस आली, तिनं पाय पायरीवर ठेवला, आणि तो म्हणाला, "रातच्याला आईला उठवू नको. मी हाय."

मी आत येऊन रात्रीच्या अभ्यासासाठी ओवीचं पुस्तक काढून ठेवलं.